तायक्वांदो : पट्ट्याच्या रंगापलीकडची कारकीर्द

बोरी अरब (जि. यवतमाळ) : पांढऱ्या पट्ट्यापासून काळ्या पट्ट्यापर्यंत मजल मारली की तायक्वांदोतील कारकीर्द घडली, असा समज पालकांमध्ये रूढ आहे. वास्तविक पट्टा ही शिक्षणाची पायरी होय. कारकीर्द ठरते ती स्पर्धेच्या मॅटवर. दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावातून या खेळाकडे वळणाऱ्या मुलामुलींनी हा फरक आरंभीच ध्यानी घेणे हिताचे आहे.

खेळाची ओळख

तायक्वांदो हा मूळचा कोरियाचा खेळ. पाय, मूठ आणि मार्ग असे तीन अर्थ त्याच्या नावात एकवटले आहेत. त्याची जागतिक संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली. भारतात हा खेळ रुजविण्याचे श्रेय जिमी जगतियानी यांना दिले जाते. १९८८ व १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय असलेल्या या खेळाला २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून पदकाचा दर्जा मिळाला. क्योरुगी म्हणजे प्रत्यक्ष लढत आणि पूमसे म्हणजे ठरलेल्या हालचालींचे सादरीकरण, असे त्याचे दोन प्रमुख प्रकार असून ऑलिंपिकमध्ये केवळ क्योरुगी खेळली जाते.

लढतीचे गणित

लढत दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. दोन फेऱ्या जिंकणारा विजयी ठरतो. छातीवरील ठोशास एक, किकला दोन, तर अंगाला गिरकी घेऊन मारलेल्या किकला चार गुण मिळतात. डोक्यावरील किकला तीन आणि गिरकीच्या किकला पाच गुण असतात. नियमभंग झाल्यास प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात एक गुण जमा होतो. पट्ट्याच्या रंगाला या हिशेबात स्थान नाही.

स्थान आहे ते वय आणि वजनाला. १२ ते १४ वर्षे कॅडेट, १५ ते १७ ज्युनिअर आणि त्यापुढे सीनिअर अशी विभागणी असते. जागतिक स्पर्धेत पुरुष व महिलांचे प्रत्येकी आठ वजनगट असतात, ऑलिंपिकमध्ये मात्र प्रत्येकी चारच. त्यामुळे अनेकांना वजन घटवून वा वाढवून दुसऱ्या गटात उतरावे लागते.

अरुणाची वाटचाल

भारतीय खेळाडूंसाठी ही वाट किती खडतर आहे, हे आकडेच सांगतात. सुरेंद्र भंडारी यांनी २००२ च्या बुसान आशियाई क्रीडा स्पर्धेत ब्राँझपदक मिळविले. २०२३ च्या हांगझोऊ स्पर्धेपर्यंत या खेळात देशाला तेवढेच एक आशियाई पदक लाभले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत एकही भारतीय खेळाडू तायक्वांदोसाठी पात्र ठरला नव्हता.

पॅरा गटात मात्र हरयाणाच्या भिवानी जिल्ह्यातील दिनोद गावच्या अरुणा तंवरने दार उघडले. जन्मतःच हातांची पूर्ण वाढ न झालेल्या अरुणाने प्रारंभी सर्वसाधारण गटात खेळून नंतर पॅरा गट निवडला. टोकियो पॅरालिंपिकमध्ये (२०२१) या खेळाचा प्रथमच समावेश झाला आणि त्यात उतरणारी ती पहिली भारतीय ठरली. तेथे ४९ किलो गटात तिला दुखापतीसह परतावे लागले. पुढे वजनगट बदलले. हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने ४७ किलो गटात ब्राँझपदक पटकाविले. २०२४ मध्ये आशियाई पात्रता स्पर्धेतून ती पॅरिसला पोहोचली. तेथे पहिल्याच लढतीत तुर्कस्तानच्या खेळाडूकडून पराभूत झाली. दोन पॅरालिंपिक गाठूनही पदक हुलकावणी देऊ शकते, हेही या खेळाचे वास्तव आहे.

प्रमाणपत्राचे महत्त्व

बोरी अरबच्या शाळकरी खेळाडूची शासकीय वाट यवतमाळची जिल्हा स्पर्धा, अमरावतीची विभागीय स्पर्धा आणि मग राज्य व राष्ट्रीय स्पर्धा अशी जाते. याखेरीज विविध संघटनांच्या स्पर्धाही होतात. मात्र या खेळात देशपातळीवर एकाहून अधिक संघटनांनी अधिकार सांगितल्याने प्रमाणपत्राची ग्राह्यता हा कळीचा प्रश्न बनला आहे. दहावी-बारावीचे क्रीडागुण असोत वा राज्य शासकीय सेवेतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण, स्पर्धा मान्यताप्राप्त नसेल तर पदकाचा उपयोग होत नाही. आरक्षणासाठी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणीही करावी लागते.

म्हणूनच स्पर्धेचे प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी आयोजक संघटनेची मान्यता जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून तपासून घ्यावी. लढतीची वर्षे मोजकीच असतात. त्या वर्षांत घाम गाळून मिळविलेले पदक पुढे कागदावरही टिकले पाहिजे. नोकरीच्या अर्जासोबत अखेर तोच कागद जोडावा लागतो.