हवापालटाचे गाव आणि उपचाराचे गाव

दुखणेकरी अंथरुणातून उठला, तरी अंगात शक्ती भरत नाही, अशा वेळी जुन्या पिढीतील डॉक्टर एकच सल्ला देत असत : हवापालट करा. या एका सल्ल्यावर सह्याद्रीच्या माथ्यावरील कित्येक गावे उभी राहिली. १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरी वसाहत केली, ती आजारी सैनिकांना व अंमलदारांना थंड हवेत बरे वाटावे म्हणून. सहलीचे महाबळेश्वर पुढे झाले. मुळात ते आरोग्यधाम होते. आरोग्य हा व्यवसाय आणि हवा हे त्याचे भांडवल, ही कल्पना आपल्याकडे तेव्हापासून रुजली. परंतु केवळ या भांडवलावर एखाद्या प्रदेशाचा संसार चालतो काय? बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे. उन्हाळा सौम्य, पाऊस भरपूर आणि पाणी गोड. १८१८ मध्ये जनरल मन्रो याने येथील किल्ला घेतला आणि पुढे किल्ल्याच्या पश्चिमेस लष्करी छावणी वसली. येथून वेंगुर्ले बंदराकडे मालाची वाहतूक चाले. आंबोली घाटाचा रस्ता झाल्यावर गाड्यांची ये-जा वाढली आणि घाटमाथ्यावरचे आंबोली हे वाटेतले विसाव्याचे ठिकाण बनले. सावंतवाडी संस्थानचे पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांनी तेथे थंड हवेचे गाव वसविण्याचा उद्योग केला. बंगले उठले, साहेब लोक उन्हाळ्यात येऊ लागले.

तथापि ते वैभव टिकले नाही. १८८० नंतरच्या दशकात लोहमार्ग बेळगावी आला आणि मुरगाव बंदराशी जोडला गेला. वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला, रस्त्यावरची वर्दळ ओसरली आणि तिच्यामागोमाग आंबोलीचेही भाग्य ओसरले. हवा तीच होती. वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पडणारा पाऊस तोच होता. कमी होते ते एवढेच, की त्या हवेभोवती एकही टिकाऊ संस्था उभी राहिली नव्हती. वाटसरू येत होता म्हणून गाव होते. वाटसरूने वाट बदलली, तेव्हा त्याला धरून ठेवील असे गावापाशी काही नव्हते.

बेळगावने मात्र, फारसा गाजावाजा न करता, निराळी वाट धरली. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपो हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यासाठी देवीची लस येथे तयार होत असे. ही लस वासरांच्या अंगावर वाढवीत आणि उष्णतेने ती लवकर निकामी होई. अशा कामाला बेळगावची हवा मानवणारी होती. हवेचा उपयोग येथे केवळ विश्रांतीसाठी न होता निर्मितीसाठी झाला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९३३ मध्ये शहापुरात आयुर्वेद महाविद्यालय निघाले. सात शिक्षकांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या के. एल. ई. संस्थेने १९६३ मध्ये जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. २००६ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे केंद्र येथे आले आणि पुढे ते राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले.

शेजारच्या मिरजेची कथाही अशीच आहे. तेथे थंड हवा नव्हती. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडले आणि त्याच्या आधाराने मिरज हे दुखणेकऱ्यांचे गाव म्हणून दक्षिण महाराष्ट्रात प्रसिद्ध झाले. उलट पाचगणीला हवा होती आणि १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी स्थापन केलेले क्षयरोग्यांचे आरोग्यधामही होते. पुढे क्षयावर गुणकारी औषधे निघाली आणि रुग्णाने डोंगरावर महिनोन्महिने राहण्याची निकड उरली नाही. पाचगणीला तारले ते तिच्या शाळांनी. हवेचे महत्त्व वैद्यकाच्या एका शोधाने कमी होऊ शकते. विद्येचे तसे होत नाही.

अर्थकारणाच्या दृष्टीनेही हा भेद मोठा आहे. सहलीचा प्रवासी हंगामापुरता येतो आणि दोन दिवसांत परततो. रुग्ण बारा महिने येतो. त्याच्यासोबत एक-दोन नातलग असतात. त्यांना खोली लागते, खाणावळ लागते, रिक्षा लागते. परिचारिका, औषधविक्रेते, तपासणीशाळेतले मदतनीस, धुलाईवाले अशी कितीतरी घरे त्यावर चालतात. चंदगड, गडहिंग्लज, सावंतवाडी, गोवा येथून माणसे उपचारासाठी बेळगावची वाट धरतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने आखलेली सीमा ओलांडताना दुखणेकरी भाषेचा विचार करीत नाही.

याच प्रदेशाच्या उत्तर टोकाला निपाणी आहे, आणि तेथील चित्र अगदी उलट आहे. निपाणीची संपत्ती तंबाखूची. वखारींतून तंबाखू कुटताना व चाळताना उठणारा खकाणा बायकांनी पिढ्यान् पिढ्या छातीत घेतला. पीक शेतकऱ्याचे, कष्ट बायकांचे आणि भाव मात्र व्यापाऱ्यांचा, या रीतीविरुद्ध १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर शेतकरी ठाण मांडून बसले. ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात बारा शेतकरी बळी पडले. त्यानंतर तंबाखूविरुद्ध कायदे झाले : २००३ चा केंद्राचा कायदा आणि पुढे कर्नाटकातील गुटखाबंदी. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु ज्या हातांनी तंबाखू चाळली, त्या हातांना दुसरे काम कोणते, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही.

आरोग्याचा उद्योग हे या प्रश्नाचे एक उत्तर होऊ शकेल. मात्र तेथेही एक धोका आहे. सह्याद्रीच्या या पट्ट्यात नरक्या नावाचे झाड आढळते. कर्करोगावरील औषधांना लागणारे द्रव्य त्यापासून मिळते, हे कळताच झाडांची बेसुमार तोड सुरू झाली. चोरटी वाहतूकही झाली. औषध तयार झाले दूरच्या कारखान्यांत आणि जंगलाच्या वाट्याला आली खुंटे. कच्चा माल येथून जावा व त्याचे मोल दुसरीकडे वाढावे, हीच तंबाखूची रीत होती. वनौषधींची लागवड, पारख आणि औषधनिर्मिती ही कामे याच प्रदेशात, येथील लोकांना शिकवून झाली, तरच ही रीत मोडेल. संशोधनाची संस्था बेळगावी आहे, आयुर्वेदाचे महाविद्यालय आहे, निपाणीच्या शेतकऱ्यापाशी जमीन व कष्टाची सवय आहे. त्यांची गाठ घालून देणारी योजना हवी आहे.

आंबोलीत उगम पावलेली हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर अशी वाहत जाऊन घटप्रभेला मिळते. तिच्या काठचा प्रदेश दोन राज्यांत वाटला गेला आहे; पण त्याची हवा, वनस्पती आणि दुखणी एकच आहेत. प्रवाशांसाठी या प्रदेशात निवासगृहे कितीही बांधली, तरी आंबोलीचा अनुभव विसरून चालणार नाही. निसर्गाने दिलेल्या हवेला विद्येची आणि संस्थेची जोड मिळाली, तेथेच वस्ती टिकली. नुसत्या हवेवर विसंबलेली गावे रस्ता बदलताच ओस पडली.