वॉर्साचं जुनं शहर किती जुनं?

युरोपात जायचं ठरलं तर कोणतं ऐतिहासिक शहर पाहावं, असा प्रश्न आपल्या श्रोत्यांकडून नेहमी येतो. रोम, प्राग, व्हिएन्ना ही नावं सहल कंपन्यांच्या यादीत असतातच, त्यासाठी आमची गरज नाही. आम्ही आज पोलंडची राजधानी वॉर्सा सुचवणार आहोत, आणि त्यातही तिथलं 'स्तारे म्यास्तो', म्हणजे जुनं शहर. दगडी फरसबंदीचा मोठा चौक, चारी बाजूंनी पिवळी, तांबूस, हिरवट रंगांची अरुंद उंच घरं, दारांवर कोरीवकाम, बाजूला तटबंदी. युनेस्कोनं १९८० मध्ये या शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. आता गंमत बघा: तो मुख्य चौक पुन्हा उभा राहून खुला झाला १९५३ मध्ये. म्हणजे हे 'मध्ययुगीन' शहर आमच्याच पिढीचं आहे!

हे का झालं ते थोडक्यात सांगतो. १ ऑगस्ट १९४४ रोजी पोलिश भूमिगत सैन्यानं जर्मनांविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला. सोव्हिएत फौजा व्हिस्टुला नदीच्या पलीकडच्या तीरापर्यंत आल्या, आणि तिथेच थांबल्या. उठाव मोडला, लोकांना शहराबाहेर हाकललं, आणि त्यानंतर, म्हणजे लढाई संपल्यावर, जर्मन पथकांनी उरलेलं शहर पद्धतशीरपणे जाळलं आणि सुरुंगांनी उडवलं. ग्रंथालयं, दफ्तरखाने, राजवाडा, काही सोडलं नाही. ऐतिहासिक भागाचा ८५ टक्क्यांहून अधिक हिस्सा नष्ट झाला. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत आणि पोलिश सैन्य आत आलं तेव्हा ढिगारेच होते. राजधानी वूच शहरात हलवावी, असाही विचार तेव्हा बोलला गेला.

पण ठरलं उलट. जसं होतं तसं बांधायचं. आता 'जसं होतं' ते कळणार कसं? वाटाडे तुम्हाला सांगतील की बेलोत्तो या व्हेनिसच्या चित्रकाराची अठराव्या शतकातली चित्रं समोर ठेवून शहर बांधलं. हे खरं आहे, पण अर्धंच. बेलोत्तोनं प्रामुख्यानं राजवाड्याबाहेरचे राजरस्ते आणि महाल रंगवले. तिथे त्याचा उपयोग झाला. जुन्या शहराच्या आतल्या घरांसाठी खरा आधार होता तो वॉर्साच्या तंत्रविद्यापीठातल्या वास्तुशास्त्राच्या मंडळींनी युद्धाआधी घेतलेल्या मोजमापांचा. घराघरात जाऊन खिडक्या, कमानी, जिने मोजून काढलेले ते नकाशे. युद्धात हे कागद शहराबाहेर नेऊन पिओत्रकुव्ह गावच्या मठात लपवले गेले. त्या कामात पुढे असलेले यान झाख्वातोविच युद्धानंतर पोलंडचे मुख्य स्मारक-संरक्षक झाले. चित्राची गोष्ट सांगायला सोपी असते, म्हणून ती टिकते. विद्यार्थ्यांनी ओढलेल्या मोजपट्टीची कोण सांगणार!

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही नागसेन आणि मिलिंद राजाचा संवाद शिकवायचो. नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे आस का, चाकं का, जोखड का? यातलं एकेक काही रथ नाही, आणि यांच्यावेगळाही रथ नाही. मग 'रथ' हे आपण व्यवहारासाठी ठेवलेलं नाव. हाच प्रश्न वॉर्साला विचारता येतो. विटा बदलल्या. त्यातल्या कित्येक तर व्रोत्सवाफहून आणल्या, जे १९४५ पर्यंत जर्मनांचं ब्रेस्लाव होतं. घरांमधली माणसं बदलली. दर्शनी भिंतींमागे नव्या सोयींचे फ्लॅट आले, आणि उजेड-वारा यावा म्हणून मागची दाटीवाटीची बांधकामं पुन्हा घातलीच नाहीत. मग हे वॉर्सा तेच का?

आम्हाला वाटतं, युनेस्कोनं याचं उत्तर बरोबर दिलं. त्यांनी नोंद घेतली ती तेराव्या ते विसाव्या शतकापर्यंतचा इतिहास जवळपास पूर्णपणे पुन्हा उभा केल्याच्या असाधारण उदाहरणाची. तेव्हा 'हे नकली आहे हो' म्हणून नाक मुरडणाऱ्या पर्यटकांशी आमचं पटत नाही. जे शहर मुद्दाम पुसलं गेलं, ते परत लिहिणं हीसुद्धा एक ऐतिहासिक घटना आहे, आणि तिची तारीख खरी आहे.

मात्र नागसेनाच्या रथापेक्षा इथे एक गोष्ट जास्त आहे. कोणते भाग परत जोडायचे हे कोणीतरी ठरवलं. सेंट जॉनचं कॅथीड्रल पाहा. १९३९ मध्ये त्याचं दर्शनी तोंड एकोणिसाव्या शतकात केलेलं, इंग्लिश गॉथिक वळणाचं होतं. पुनर्बांधणीत ते परत आणलं नाही. झाख्वातोविच यांनी त्या प्रदेशातल्या जुन्या विटांच्या गॉथिक शैलीला धरून नवं तोंड रचलं. म्हणजे आज दिसणारं कॅथीड्रल नष्ट झालेल्यापेक्षा वयानं लहान आणि दिसायला म्हातारं! राजवाड्याची गोष्ट आणखी वेगळी. तो बांधायचा निर्णय व्हायला १९७१ उजाडलं, आणि लोकांसाठी तो खुला झाला १९८४ मध्ये.

आणि आता जे मुळीच परत आणलं नाही, त्याकडे येऊ. जुन्या शहरापासून पश्चिमेला चालत निघालात तर थोड्या वेळात मुरानुव्ह भाग लागतो. युद्धाआधी वॉर्साच्या लोकसंख्येत जवळपास एक तृतीयांश ज्यू होते, आणि त्यांच्या वस्तीचं हृदय इथे होतं. जर्मनांनी इथे घेट्टो केला, १९४२ मध्ये लाखो माणसं त्रेब्लिंकाच्या छळछावणीत नेऊन मारली, एप्रिल १९४३ मध्ये उरलेल्यांनी उठाव केला, तो मे महिन्यात चिरडला गेला आणि मोठं सिनेगॉग सुरुंगानं उडवलं. पुढे घेट्टोही जमीनदोस्त केला. म्हणजे जुन्या शहराच्याही आधी. पण इथल्या घरांचं 'जसं होतं तसं' झालं नाही. वास्तुकार बोहदान लाखेर्त यांनी त्या ढिगाऱ्यांवरच नवी वसाहत उभारली, आणि त्याच विटांचा चुरा काँक्रीटमध्ये मिसळला. याला कारणं होती: ढिगारा उचलून नेणं अवघड होतं, घरांची तातडी होती. पण राहणारी माणसंच उरली नव्हती, त्यामुळे आमची घरं परत द्या असं म्हणणारं तिथे फारसं कुणी नव्हतं, हेही त्या कारणांच्या शेजारी ठेवावं लागतं.

आपल्या बाजूचा एक धागा सांगतो. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसांची. त्यांतले बहुतेक वॉर्साचे नव्हते. सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधून सैबेरियाकडे हद्दपार केलेली ती कुटुंबं. त्यांची गावं सीमा सरकल्यावर पोलंडमध्येच राहिली नाहीत. वळिवड्याचं स्मारक आज वॉर्सात आहे, कोल्हापूरच्या माणसानं तिथे जरूर जावं.

तर जाल तेव्हा दोन दिवस काढा. राजवाड्यासमोर राजा झिग्मुंटचा उंच स्तंभ आहे. मूळचा १६४४ चा, १९४४ मध्ये पाडला गेला, १९४९ मध्ये पुन्हा उभारला. फोटो सगळे त्याचा काढतात. तिथून राजवाड्याच्या कडेला वळलं की जुन्या स्तंभाचे तुटलेले दगडी तुकडे आडवे पडलेले दिसतात, तेही बघा. दुसऱ्या दिवशी मुरानुव्हला जा. तिथल्या काही इमारती रस्त्यापेक्षा उंच टेकाडांवर आहेत, दारापर्यंत जायला पायऱ्या चढाव्या लागतात. ती टेकाडं निसर्गानं केलेली नाहीत.