कान्हेरीचा दगडी ओटा

बोरिवलीजवळच्या कान्हेरीला आपण सहलीला जातो, डबे खातो अन् परततो. तिथं शंभराहून जास्त लेणी आहेत. चैत्याइतक्याच भिक्खूंच्या खोल्या नीट बघा. निजायला दगडी ओटा, बाहेर पावसाच्या पाण्याचं टाकं, बस्स! वर्षावासाचे तीन महिने भिक्खू एकाच ठिकाणी राहून ध्यान, अभ्यास करीत. याला पळपुटेपणा म्हणणाऱ्यांनी तिथले शिलालेख पाहावेत. सोपारा, कल्याणच्या लोकांची दानं त्यांत कोरली आहेत. म्हणजे माणसांशी नातं होतंच. देह जाळणारं तप तर तथागतांनी सहा वर्षांनी स्वतःच सोडलं. हा एकांत वेगळा, मन घडवायचा. आमच्या चाळीतल्या खोलीत आठ माणसं. मला तो मिळायचा पहाटे, नळ येण्याआधी, जिन्यातल्या दिव्याखाली. पुस्तक वाचायला मी तिथंच शिकलो.