गृहत्याग आणि पितृत्व

सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाच्या कथेत पिता दोन आहेत : शुद्धोदन, आणि राहुलचा पिता झालेला स्वतः सिद्धार्थ. निदानकथेतील सिद्धार्थ चार निमित्ते पाहून विरक्त होतो, पुत्रजन्माच्या वार्तेला बंधन म्हणतो आणि मध्यरात्री निरोप न घेता निघतो.

ही कथा विसाव्या शतकात नव्याने सांगितली गेली. धर्मानंद कोसंबींच्या ‘बोधिसत्त्व’ (१९४९) या मरणोत्तर प्रकाशित नाटकाने आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ (मूळ इंग्रजी, १९५७) या ग्रंथाने गृहत्यागाचे मूळ शाक्य-कोलियांच्या कलहात पाहिले. एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोवर वृद्ध, रोगी, मृत पाहिलेच नव्हते काय, हा बाबासाहेबांचा प्रश्न प्रौढत्वाचा आहे. त्यांचा सिद्धार्थ रोहिणीच्या पाण्यासाठीच्या युद्धाला संघात विरोध करतो, मतदानात हरतो, देशत्याग स्वीकारतो आणि मातापित्यांचा व पत्नीचा निरोप घेतो. यशोधरा संमती देते व राहुलसाठी मागे राहते.

पालि साहित्य याविषयी काय सांगते? मज्झिम निकायातील अरियपरियेसन सुत्तात चोरून जाणे नाही. पण संमतीही नाही. मातापिता अनिच्छेने रडत असता आपण प्रव्रजित झालो, असे तेथे भगवंत सांगतात. पुढे राहुलची प्रव्रज्या झाली तेव्हा शुद्धोदनाने आपले दुःख त्यांच्यापुढे मांडले. मातापित्यांच्या अनुज्ञेवाचून पुत्राला प्रव्रज्या देऊ नये, हा विनयनियम त्यातून आला, असे महावग्ग सांगतो. आमच्या मते बाबासाहेबांनी प्रारंभीच ठेवलेली संमती हेच ते तत्त्व होय. विनयाला ते एका पित्याच्या वेदनेतून लाभले.

रायगड जिल्ह्यातील वाचकाला हे दूरचे नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडचे चवदार तळे ज्याने पाहिले, त्याला पाण्यावरून माणसे कशी विभागतात हे सांगावे लागत नाही. तसेच राजपुरी खाडीकाठच्या कुडा लेण्यांतील लेखांत सुलसदत्ताच्या पुत्रांचे, सुनेचे व नातवंडांचे दान नोंदले आहे. येथील प्राचीन उपासकांचा धम्म कुटुंब मोडून नव्हे, कुटुंबासह उभा होता.

म्हणून विहारात मुलांना ही कथा सांगताना शुद्धोदनाचे अश्रू वगळू नयेत. पित्याचे दुःख पाहूनही जो कर्तव्य ओळखतो, आणि पुढे त्या दुःखाला नियमात स्थान देतो, तोच खरा प्रौढ होय.