कष्ट, भाकरी आणि उतारवयातला मेंदू

‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणून आपण उतारवयातल्या विसराळूपणाची बोळवण करतो. आकडे मात्र या म्हणीला साथ देत नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अंदाजानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. संख्या मोठीच आहे. पण नव्वदहून अधिक टक्के वृद्धांना तो नाही, हेही त्याच आकड्यातून कळते. एकाच वयाच्या दोघांपैकी एकाला घरचा रस्ता आठवत नाही आणि दुसरा चार पिढ्यांच्या सोयरिकी बिनचूक सांगतो, हे कशामुळे? व्यायाम, आहार आणि ऑक्सिडेटिव्ह ताण यांच्या अभ्यासातून या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग हाती लागतो. विषय प्रयोगशाळेचा वाटला, तरी यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकाला त्याची वाट आपल्याच शेतातून आणि चुलीपासून सापडेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळीही तो २० टक्के प्राणवायू वापरतो. पेशींतील मायटोकाँड्रिया प्राणवायूपासून ऊर्जा काढतात तेव्हा काही अतिक्रियाशील रेणू निसटतात. मेंदूत चटकन ऑक्सिडीकरण होणारी मेदाम्ले भरपूर असतात; उघडे राहिलेले जवसाचे तेल खवट होते, तशाच रासायनिक क्रियेची झळ त्यांनाही लागते. वार्धक्यामागे हेच रेणू असावेत, ही कल्पना डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडली. मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये अशा रेणूंना आवर घालणारे एक विकर शोधले, आणि शरीराकडे स्वतःची संरक्षणव्यवस्था आहे हे स्पष्ट झाले. हल्ला आणि बचाव यांचा तोल ढळला, की त्याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात.

मग बचावाच्या, म्हणजे अँटिऑक्सिडंट गोळ्याच का घेऊ नयेत? इथे विषय खरी रंगत घेतो. व्यायाम करतानाही हे रेणू वाढतात, आणि त्या सौम्य धक्क्यानेच शरीराची संरक्षणव्यवस्था बळकट होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यायामासोबत क आणि ई जीवनसत्त्वांचे मोठे डोस घेतलेल्या तरुणांमध्ये इन्सुलिनविषयीचा लाभ दिसेनासा झाला. उलट २०११ च्या एका अभ्यासात १२० वृद्धांपैकी ज्यांनी वर्षभर नियमित चालण्याचा व्यायाम केला, त्यांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढले. डिमेन्शियाचा धोका कमी करण्यासाठी ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुचवू नयेत, असेच जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले. शारीरिक हालचालीची मात्र शिफारस केली.

इथेच आपला जिल्हा या शास्त्राला एक खणखणीत प्रश्न विचारतो : कष्ट म्हणजे व्यायाम का? कमरेला झोळी बांधून दिवसभर वाकून कापूस वेचणारी साठीतली बाई कुणापेक्षाही जास्त हालचाल करते. पण तिचे ऊन, अर्धपोटी दुपार आणि नसलेली विश्रांती हिशेबात धरावीच लागते. कोपनहेगनमधील पुरुषांच्या दीर्घकालीन पाहणीत अंगमेहनतीच्या नोकरीचा संबंध डिमेन्शियाच्या वाढीव धोक्याशी आढळला, कमी धोक्याशी नव्हे. त्यात फवारणीची भर पडते. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑर्गेनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांचा मुख्य घाव मज्जातंतूंच्या संदेशवहनावर असतो. सोबत ऑक्सिडेटिव्ह ताणही वाढतो. तोल ढळवणारे सगळे घटक एकाच शिवारात असे भेटतात.

ताटाकडे वळले, की दिलासा मिळतो. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी हे वऱ्हाडातले साधे जेवण अभ्यासकाच्या नजरेने पाहावे. जवसात ओमेगा-३ गटातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. अख्खे जवस बरेचसे न पचताच बाहेर पडते, आणि कुटून ठेवलेले हवेने लवकर खराब होते. म्हणून भाजून, लसूण-तिखटासोबत बेताचीच चटणी कुटण्याची रीत शास्त्रालाही पटणारी आहे. शाकाहारी वृद्धांच्या ताटात मात्र बी-१२ ची उणीव राहू शकते, तिच्याकडे डोळेझाक नको.

या विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकांनी काही पथ्ये पाळावीत. ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द पाकिटावर दिसला, की हुरळून जाऊ नये. प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, आणि किती काळ चालला, हे आधी पाहावे. तुम्ही वैद्यकाचे विद्यार्थी असाल तर पेशीपासून सुरुवात करा. आशा कार्यकर्त्या असाल तर घरातल्या वृद्धांच्या ताटापासून आणि झोपेपासून. दोन्ही वाटा सारख्याच मोलाच्या आहेत. या शास्त्राचे पुष्कळसे प्रयोग शहरी, खाऊनपिऊन सुखी माणसांवर झाले आहेत. राबून थकलेल्या मेंदूला काय लागते, हे विचारायला यवतमाळइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. तो प्रश्न घेऊन तुम्ही आत या. या अभ्यासाला तुमची गरज आहे.