कॅर: साइन्ड आणि अनसाइन्ड (सी भाषा)

सी भाषेतल्या 'कॅर' प्रकारात ऋण संख्या धरायच्या की नाही, हे मानकाने कंपायलरवर सोडले आहे. इंटेल प्रोसेसरवर तो बहुधा साइन्ड, म्हणजे ऋण संख्याही धरणारा असतो, एआरएम लिनक्सवर अनसाइन्ड. साध्या इंग्रजी मजकुराला याची झळ लागत नाही. देवनागरीला हमखास लागते.

२०१७ च्या शेतकरी संपाने देशभर पोहोचलेले 'पुणतांबा' हे गावाचे नाव घ्या. यूटीएफ-८ मध्ये त्याचे २४ बाइट होतात, सगळे १२७ च्या, म्हणजे साइन्ड कॅरच्या मर्यादेच्या वरचे. पहिला २२४, साइन्ड कॅरमध्ये तो उणे ३२ होतो. मग त्याची २२४ शी तुलना कधीच जुळत नाही. मजकुरात शब्द शोधण्याच्या बॉयर-मूर पद्धतीत तर हाच बाइट २५६ घरांच्या तक्त्याचा क्रमांक असतो. तो उणे झाला की तक्त्याबाहेरची मेमरी वाचली जाते आणि मजकुरात असलेले नावही निसटू शकते.

मानकातले तुलनेचे फंक्शन 'एसटीआरसीएमपी' बाइट अनसाइन्ड धरूनच तुलना करते. स्वतःचा शोध लिहिणाऱ्यानेही आधी तेच रूपांतर करावे.