नळीचा मागचा तुकडा

गाडीचा आवाज दाबणारा भाग आधी आला आणि तो निकामी करायची युक्ती त्याच्या पाठोपाठ. १८९७ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात मिल्टन आणि मार्शल रीव्हज या भावांनी इंजिनाच्या मफलरचं पेटंट घेतलं. आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो तोच हा मफलर. काही वर्षांतच गाड्यांना ‘कटआउट’ नावाची झडप मिळू लागली. वस्ती संपली की ती उघडायची, मग धूर मफलरला वळसा घालून थेट बाहेर. फोर्डच्या मॉडेल टीसाठी तर ही झडप सुटी विकत मिळायची.

यामागे नुसती हौस नव्हती. इंजिन म्हणजे एक प्रकारचा पंप. जळलेला वायू पूर्ण बाहेर गेला नाही, तर नव्या हवेला आत जागा उरत नाही. जुने मफलर ही वाट अडवायचे आणि ताकद घटायची. शिवाय नळीची लांबी आणि जाडी नीट जुळली, तर एका सिलिंडरमधून सुटलेला झोत आपल्यामागे कमी दाब सोडतो आणि पुढच्या सिलिंडरमधला वायू ओढून काढायला मदत करतो.

१९३२ साली फोर्डने सर्वसामान्यांना परवडेल अशी व्ही-८ आणली, ६५ अश्वशक्तीची. सिलिंडर दोन्ही बाजूंना चार-चार. पण दोन्हीकडचा धूर एका आडव्या नळीने एकत्र करून एकाच नळीतून मागे सोडलेला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी नेमका तिथे हात घातला. आडवी नळी काढायची, दोन्ही बाजूंना स्वतंत्र नळ्या न्यायच्या आणि गाडी म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर पळवायची. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक निघालं. १९६३ मध्ये सुटे भाग बनवणाऱ्यांची संघटना, ‘सेमा’, उभी राहिली. घरामागच्या शेडमधल्या उद्योगाचा आता खराखुरा उद्योग झाला होता.

त्याच लॉस एंजेलिसवर २६ जुलै १९४३ रोजी इतकं दाट धुरकं उतरलं, की काहींना तो जपानचा वायुहल्ला वाटला. डोळे चुरचुरत होते आणि कारण कळत नव्हतं. ते शोधलं आरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने. कॅलटेकमध्ये तो अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होता. गाड्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारे हायड्रोकार्बन्स आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकमेकांवर क्रिया करतात आणि हे धुरकं तयार होतं, हे त्याने १९५०च्या आसपास दाखवून दिलं.

त्यावरचा उपायही तेव्हाच तयार होत होता. यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बनवला. पण पेट्रोलमधलं शिसं त्यातल्या उत्प्रेरकावर बसून तो निकामी करायचं. म्हणून आधी शिसं हटवावं लागणार होतं. १९७०च्या क्लीन एअर अॅक्टने कंपन्यांवर दबाव आणला आणि १९७५च्या मॉडेलांपासून बहुतेक अमेरिकन गाड्यांखाली कन्व्हर्टर दिसू लागला. मुंबईसह आपल्या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला १९९५ मध्ये, सोबत शिसेविरहित पेट्रोल घेऊन.

१९७५ची कॉर्व्हेट खालून पाहिली की स्पोर्ट्‌स कारवाल्यांचा राग समजतो. दोन बाजूंच्या दोन नळ्या मध्ये एकाच कन्व्हर्टरमध्ये शिरतात आणि मागे पुन्हा दोन होतात. दिसायला दुहेरी, पण मधली वाट एकेरी. साध्या इंजिनाची ताकद १६५ अश्वशक्ती. मग लोकांनी कन्व्हर्टर काढून त्या जागी साधी नळी बसवायला सुरुवात केली.

इथे ‘घरी’ या शब्दाला कायदेशीर अर्थ आला. १९७७च्या दुरुस्तीने विक्रेत्यांबरोबर दुरुस्तीची दुकानं आणि ताफेवाल्यांनाही कन्व्हर्टर काढायला बंदी केली. पण स्वतःच्या गॅरेजमध्ये स्वतःची गाडी खोलणारा मालक संघराज्याच्या या कलमातून सुटला. काही राज्यांचे नियम अधिक कडक होते, तरी देशपातळीवरची ही फट बुजायला १९९० उजाडलं. तेव्हा कायद्यात ‘कोणीही’ आलं.

त्यानंतर हौशी माणसाच्या हाती निर्धास्तपणे उरला तो कन्व्हर्टरच्या मागचा तुकडा, ‘कॅट-बॅक’. माझ्या जुन्या माझदा मियाटाखाली आडवं पडून मी तोच बदलला आहे. इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं, गाडी फक्त जॅकवर न ठेवता जॅक स्टँडवर टेकवायची. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारायचं. रबरी हँगरना साबणाचं पाणी लावलं की ते निसटतात. गॅस्केट नवीनच हवं, आणि सगळे बोल्ट आधी सैल ठेवून नळी सरळ झाल्यावरच आवळायचे. हे सगळं करून ताकद वाढते ती जेमतेम. बदलतो तो आवाज.

आणि आवाजालाही हद्द आहे. कॅलिफोर्नियात लहान गाड्यांसाठी ती ९५ डेसिबल. मला या नियमांचा जाच वाटत नाही. आपल्या गाडीला आपण हात लावणं हा हक्क मी सोडणार नाही. मशीन कळतं ते खोलूनच. पण गाडी माझी असली, तरी तिच्या नळीतून जे बाहेर पडतं ते पुढच्या क्षणी सगळ्यांचं होतं. रीव्हज बंधूंपासून आजपर्यंतचं भांडण बोल्टांवरून कधी नव्हतंच, ते या बाहेर पडणाऱ्या गोष्टीवरून होतं. म्हणून कन्व्हर्टरच्या पुढे मी पाना लावत नाही आणि रात्री दहानंतर गल्लीत शिरताना अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतो.